कड्यावरचं वज्र आणि टाचेतला काटा

एकदा एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा वाटाड्या राहत होता. डोंगराच्या अलीकडे त्याचं गाव, पलीकडे खोल उतरत गेलेलं कोकण, आणि मधे एकच घाटवाट. वाट इतकी फसवी, की धुक्याच्या दिवसांत माणूस चालत चालत स्वतःच्याच पाऊलखुणांवर परत यायचा आणि त्याला ते कळायचंही नाही. म्हणून घाट उतरणारे सगळे आधी त्या म्हाताऱ्याच्या अंगणात येत. तो कोपऱ्यातली काठी उचलायचा. काठीला पितळेची तीन घुंगरं होती. पुढे घुंगरं वाजत आणि त्या आवाजामागे माणसं चालत. धुकं कितीही दाटलं तरी आवाज हरवत नसे.

त्याची एक शिष्या होती. तिचं नाव झिमा. तीन वर्षं ती त्याच्याबरोबर घाट चढत-उतरत होती. कोणत्या कातळावर शेवाळ धरतं, कोणत्या झाडाखाली माघापर्यंत पाणी राहतं, वारा कुठे वळला म्हणजे पाऊस किती लांब, हे सगळं तिने पाहून पाहून शिकून घेतलं होतं. तिची नजर फार तीक्ष्ण होती. पानाआड बसलेला सरडा तिला दहा पावलांवरून दिसायचा. म्हाताऱ्याला तिचं कौतुक होतं. त्याची एकच तक्रार होती.

"प्रत्येक वळणावर थांबून मागच्यांना विचारत जा," तो सांगायचा.

"काय विचारू, बाबा?"

"कसं चाललंय म्हणून."

"पण मला दिसतं की. मी वळून बघते ना."

म्हातारा स्वतः मात्र प्रत्येक वळणावर थांबायचा, घुंगरं हातात धरून गप्प करायचा आणि मागच्या एकेका माणसाला विचारायचा. झिमाला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटे.

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे थकले. त्या वर्षी पाऊस सरता सरता त्याने ठरवलं, की काठी आता झिमाला द्यायची. गावातल्या काही जणांना ते रुचलं नाही. "पोरीच्या घुंगरांमागून आम्ही घाट उतरायचा का?" असं चावडीवर कुणीतरी म्हणालंच. पण काठी कुणाला मिळणार हे म्हाताऱ्याच्या हातात नव्हतं, आणि चावडीच्याही हातात नव्हतं. त्याची एक रीत होती.

घाटवाटेवरच्या खिंडीतून डावीकडे वळलं, की थोड्या अंतरावर डोंगर एकाएकी संपतो. तिथे एक प्रचंड कडा आहे. पाऊस ओसरल्यानंतरच्या काही मोजक्या सकाळी, दरी ढगांनी भरलेली असताना आणि ऊन पाठीवर असताना, त्या कड्याखाली वज्र उमटतं असं सांगत. इंद्रधनुष्य अर्धं असतं, वज्र पुरतं गोल असतं. काठी मागणाऱ्याने एका साक्षीदाराला घेऊन त्या कड्यावर जायचं. काठी मागणाऱ्याची सावली ढगांवर पडून तिच्या डोक्याभोवती वज्र उमटलं, तर डोंगराने त्याला आपलं मानलं. मग साक्षीदाराने खाली येऊन देवळासमोरच्या शिळेवर उभं राहायचं आणि काय दिसलं ते गावाला सांगायचं. त्या शिळेवर जो खोटं बोलेल, त्याची वाट डोंगर बुजवून टाकतो, असा धाक होता. एरवी कड्यावर कुणी जात नसे. ती देवाची जागा म्हणून लोक खिंडीतूनच हात जोडत. एका पिढीत एखाद-दुसरा माणूसच तिथे उभा राहिलेला असायचा.

झिमाने साक्षीदार म्हणून हौसाला निवडलं. हौसा तिची लहानपणापासूनची मैत्रीण.

"मी?" हौसा म्हणाली. "अगं, मी माळ्यावर चढले तरी मला गरगरतं."

"म्हणूनच तू. तुला काठी नको आहे."

"आणि वरून पडले म्हणजे?"

"मग साक्ष कोण देणार? मी पडू देईन का तुला?"

"म्हणजे साक्षीपुरतं सांभाळणार! साक्ष झाली, की सोडून देणार?" हौसा म्हणाली आणि हसत हसत तयार झाली. घरून तिने चार भाकऱ्या, लसणाची चटणी आणि एक कांदा बांधून घेतला. म्हातारा दोघींना वेशीपर्यंत पोचवायला आला. तो नेहमीचंच बोलला, "विचारत जा गं." झिमाने मान हलवली. तिचं लक्ष डोंगराकडे होतं.

दोघी फटफटताना निघाल्या. रानात सोनकीची पिवळी फुलं इतकी दाट फुलली होती, की अजून उजाडलं नसतानाही वाटेच्या दोन्ही बाजूंना उजेड असल्यासारखा वाटत होता. कारवीच्या पानांवरून थेंब टपकत होते. झिमा भराभर चालत होती, कारण तिला हिशेब माहीत होता. ऊन फार वर आलं, की दरीतले ढग उठतात आणि विरून जातात. मग पुन्हा तशी सकाळ केव्हा येईल ते सांगता येत नाही. कदाचित पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षापर्यंत चावडीने काय ठरवलं असतं कोण जाणे.

ओढा ओलांडल्यावर हौसा म्हणाली, "झिमे, टाचेत काहीतरी गेलंय."

झिमा परत आली. तिने हौसाचा पाय हातात घेऊन पाण्याने धुतला आणि नीट पाहिला. टाच स्वच्छ होती.

"काही नाही गं."

"टोचतंय पण."

"दिसत तर काहीच नाही. खडा रुतला असेल, निघून गेला. चल."

कातळाचा चढ लागला तेव्हा हौसा पुन्हा म्हणाली, "दुखतंय गं. जरा थांबू या?" झिमाने वळून पाहिलं. हौसा हळू चढत होती, पण ती नेहमीच हळू चढायची. तिचा चेहरा घाबरलेला दिसत होता, पण उंचावर तो नेहमीच तसा दिसायचा. "भीतीने तसं वाटतं," झिमा म्हणाली. "खाली बघू नकोस. माझ्या पाठीकडे बघ." खिंडीच्या खाली हौसाने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी झिमाने वळूनही पाहिलं नाही. "आता आलंच!" ती वरून ओरडली.

हौसा पावलाच्या कडेवर भार टाकत वर आली.

खिंडीतून डावीकडे वळल्यावर सडा, म्हणजे मऊ गवताचा सपाट माळ लागला. गवत वाऱ्याने एका दिशेला झोपलं होतं. पुढे कुठे झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. फक्त आकाश होतं, आणि ते डोळ्यांसमोर होतं. डोंगर संपला हे दोघींना पाहून नाही, ऐकून कळलं. इतका वेळ पावलागणिक येणारे बारीकसारीक आवाज एकदम थांबले, आणि खालून एक मोठा, सावकाश श्वास ऐकू आला.

दोघी पोटावर आडव्या झाल्या आणि सरपटत कड्यापर्यंत गेल्या. हौसाने झिमाच्या लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरला होता.

खाली दरी नव्हतीच. पांढऱ्या ढगांचा एक समुद्र होता. तो इतका शांत होता, की त्याच्यावर पाऊल टाकावंसं वाटेल. कडा आत, पोटाशी वळलेला होता. त्याचा तळ दिसत नव्हता. आपण ज्याच्यावर झोपलो आहोत त्याच्याखाली काही आहे की नाही, तेही कळत नव्हतं. झिमाने सोनकीचं एक फूल खुडून खाली टाकलं. ते चार हात खाली गेलं, थांबलं, आणि मग कुणीतरी परत फेकावं तसं वर आलं. दोघींच्या डोक्यांवरून ते मागे गवतात जाऊन पडलं.

"बाई गं," हौसा कुजबुजली. "हा घेत नाही."

झिमाला हसू आलं नाही. तिच्या अंगावर काटा आला होता. घाटात तीन वर्षं चाललेली, सगळं पाहिलेली ती, एका फुलाकडे बघत राहिली.

मग पाठीवर ऊन आलं. दोघी हातात हात धरून, फार हळू, उभ्या राहिल्या. आणि ढगांवर वज्र उमटलं.

आधी नुसता एक पुसट उजेड होता. मग त्याला कडा आल्या. तांबडी बाहेर, जांभळी आत. मग तो वाढला, मिटला, गोल झाला. कुठेही न तुटलेलं, कुठेही जमिनीला न टेकलेलं एक पूर्ण वर्तुळ, खाली, पायांच्याही खाली. एक पक्षी त्याच्या वरून उडत होता. आणि त्या वर्तुळाच्या बरोबर मधे एक सावली उभी होती. झिमाने हात वर केला. सावलीने हात वर केला. झिमाने डोकं कलतं केलं. वज्रही तिच्याबरोबर सरकलं.

ती रडत होती हे तिला ओठांवर खारट लागल्यावर कळलं. इतका मोठा डोंगर, इतकी मोठी दरी, आणि त्यांनी तिला पाहिलं होतं. शेजारी दुसरी सावली होती की नव्हती, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"दिसलं?" तिने विचारलं.

"दिसलं," हौसा म्हणाली. तिचाही आवाज ओला होता.

पुढे झिमाने काहीच विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंय असं तिला वाटलं नाही.

थोड्या वेळाने ढग हलले, वर्तुळ तुटत तुटत विरलं. दोघींनी गवतात बसून भाकरी खाल्ली. झिमा बोलत होती. काठी हातात आल्यावर पहिल्या बाजाराला कुणाकुणाला न्यायचं, चावडीवरच्या लोकांची तोंडं कशी होतील. हौसा कांद्याची पाकळी हातात धरून बसली होती. तिने ती खाल्ली नाही.

उतरताना, कातळ संपला तिथे हौसा थांबली.

"झिमे, एक सांगायचंय."

"पाय का?"

"नाही. ते वज्र." ती झिमाच्या समोर आली. "ते तुझ्या डोक्याभोवती नव्हतं."

झिमाला आधी ती थट्टा वाटली. "मग काय तुझ्या होतं?"

हौसाने हळूच होकारार्थी मान हलवली.

"मी डोळ्यांनी पाहिलंय!" झिमा म्हणाली. "मी हात वर केला, तिने हात वर केला."

"मीपण तुझा हात धरून उभी होते ना. मीपण बघितलं. ती सावली माझी होती. पदर वाऱ्यावर उडत होता, तो माझा होता."

"तुझा?" झिमाचा आवाज चढला. "तीन वर्षं मी हा डोंगर चढतेय. तू आज पहिल्यांदा आलीस, तीही कण्हत. आणि डोंगराने तुला निवडलं?"

"मला काय करायचीय ती काठी? मला तर इथून उतरतानासुद्धा गरगरतंय."

"मग असं का बोलतेस?"

"दिसलं म्हणून."

"खाली काय सांगणार आहेस?"

हौसा एका दगडावर टेकली. मग म्हणाली, "तू म्हणालीस ना, तू खोटं बोलणार नाहीस म्हणून तुला नेते."

असं झिमाने म्हटलं नव्हतं, पण तिच्या मनात तेच होतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. झिमा पुढे निघून गेली. दोघींमधलं अंतर वाढत गेलं. गावाच्या वेशीवर झिमा आधी पोचली, आणि हौसा बऱ्याच वेळाने, लंगडत.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. चावडीवरचे लोक हात बांधून उभे होते. म्हातारा पायरीवर बसला होता. काठी त्याच्या मांडीवर आडवी होती.

"ये गं हौसा," पाटील म्हणाले. "शिळेवर उभी राहा. काय दिसलं ते बोल. भिऊ नकोस."

हौसा शिळेवर चढली. तिने झिमाकडे पाहिलं. झिमा जमिनीकडे बघत होती. हौसा एक खोटा शब्द बोलली असती, तर मैत्रिणीला काठी मिळाली असती, आणि घरी जाऊन तिला निवांत पाय शेकता आला असता.

"वज्र उमटलं," हौसा म्हणाली. "पण झिमाच्या डोक्याभोवती नव्हतं. माझ्या होतं. आणि मला काठी नको."

एकच गलका झाला. "डोंगराला पोरगी मान्य नाही, मी सांगत नव्हतो?" "अरे, पण हीसुद्धा पोरगीच की!" "मैत्रीण कसली, वैरीण!" ही शेवटची आरोळी झिमाच्या मावशीची होती.

म्हातारा उठला. सगळे गप्प झाले. आता तो निवाडा देईल असं लोकांना वाटलं. पण त्याचं लक्ष वज्राच्या गोष्टीकडे नव्हतंच. तो हौसाच्या पायांकडे बघत होता. ती डाव्या पावलाच्या कडेवर उभी होती.

"खाली बस, पोरी," तो म्हणाला.

तो स्वतः मोठ्या कष्टाने गुडघे मोडून तिच्यासमोर बसला. त्याने तिचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. कनवटीची सुई काढली. वाटाड्याच्या कनवटीला सुई असतेच. टाचेवर काही दिसत नव्हतं. त्याने पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. "कुठे?" त्याने विचारलं. "इथे? का इथे?" हौसाने बोट ठेवलं तिथे त्याने सुई लावली. सगळं गाव ताटकळत उभं होतं. बऱ्याच वेळाने थोडं रक्त आलं, आणि रक्ताबरोबर अर्ध्या नखाएवढा काळा काटा. तो मुळापासून मोडून आत गेलेला होता.

म्हाताऱ्याने तो काटा झिमाच्या तळहातावर ठेवला. मग त्याने आपली काठी उचलली आणि हौसाच्या हातात दिली.

"म्हणजे काठी हौसाला?" पाटलांनी विचारलं.

"पाय तिचा दुखतोय," म्हातारा म्हणाला.

कुणालाच काही उमगलं नाही. झिमाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

"बाबा, माझं काय चुकलं ते तरी सांगा. मी ते पाहिलं होतं."

"पाहिलंस, यात शंका नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला. "हा काटा पाहिला होतास का?"

"नाही. मी पाय धुऊन बघितला. दिसला नाही."

"ती बोलली होती?"

झिमाची मान खाली गेली. "तीनदा."

"मग ऐका," म्हातारा म्हणाला, आणि त्याने आवाज सगळ्यांना पोचेल इतका मोठा केला. "तरुणपणी मी त्या कड्यावर उभा राहिलो. माझा मित्र साक्षीला होता. वज्र माझ्या डोक्याभोवती उमटलं. खाली येऊन त्यानेही तेच सांगितलं, आणि ही काठी मला मिळाली. वीस वर्षांनी एका वाटसरूचं लेकरू खिंडीतून भरकटलं. त्याला शोधत मी कड्यावर गेलो आणि तिथे त्याला कडेवर घेतलं. सकाळ तशीच होती. माझ्या डोक्याभोवती वज्र उभं राहिलं, आणि माझ्या कडेवरचं ते पोर टाळ्या पिटून म्हणालं, 'काका, माझ्या डोक्याला बघा चकाकी आली!' तेव्हा मला कळलं. त्या कड्यावर जो उभा राहतो, त्याला वज्र आपल्याच डोक्याभोवती दिसतं. शंभर माणसं उभी केली, तर शंभरांना तसंच दिसेल. शेजाऱ्याचं वज्र कुणालाही दिसत नाही."

देवळासमोरचे लोक जवळ सरकले.

"माझ्या मित्रालाही ते स्वतःच्या डोक्याभोवती दिसलं असणार. ते त्याने माझ्यासाठी मनातच ठेवलं, आणि माझी साक्ष दिली. हे मला समजलं तेव्हा तो जाऊन महिना झाला होता. तुला काय दिसलं, एवढं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं." म्हातारा झिमाकडे वळला. "झिमे, दुसऱ्याच्या टाचेतला काटा दिसत नाही. दुसऱ्याच्या डोक्याभोवतीचं तेजही दिसत नाही. नजर कितीही चांगली असो, दोन्ही त्याच्या तोंडूनच ऐकावी लागतात. म्हणून मी वळणावर थांबतो."

एवढं बोलून तो पायरीवर जाऊन बसला.

झिमा तळहातावरच्या काट्याकडे बघत उभी राहिली. तो इतका लहान होता. एवढं घेऊन हौसा अख्खा डोंगर चढली होती आणि उतरली होती. वाटेत तिने एकदा तरी भार झिमावर टाकला होता का? झिमा आठवू लागली. तिला आठवलं, की माळ्यावरही गरगरणाऱ्या हौसाने कड्यावर उभं राहताना झिमाचा हात सोडला नव्हता.

ती हौसाजवळ जाऊन मातीत बसली.

"तुला काय दिसलं?" ती म्हणाली. "सगळं सांग."

"आता सांगून काय?"

"सांग ना."

हौसाने आधी जरा आढेवेढे घेतले. मग हळूहळू बोलू लागली. "मला वाटलं होतं, उभी राहिले की पडणार. डोळे मिटूनच उभी राहिले मी. मग उघडले, तर खाली ढगांवर मी उभी होते. नुसत्या ढगांवर, झिमे. पायाखाली काहीसुद्धा नाही. आणि भोवती ते सगळे रंग. आणि मी पडत नव्हते." तिने हाताने हवेत एक गोल काढला. "मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की मी पडणार नाही."

कड्यावर ते फूल परत आलं होतं तेव्हा झिमाच्या अंगावर काटा आला होता. आता तो पुन्हा आला, आणि या वेळी तो जाईना. त्या सकाळी, तिच्या खांद्याला खांदा लावून, एक दुसरं वज्र उभं होतं. तितकंच पूर्ण, तितकंच मोठं. ते तिला कधीही दिसणार नव्हतं. आणि देवळासमोर जमलेल्या या सगळ्यांच्या भोवती? पाटलांच्या, मावशीच्या, चावडीवर हात बांधून उभ्या असलेल्या त्या माणसांच्या? तिने मान वर करून एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांना काही दिसलं नाही. पण ती बघत राहिली.

मग ती उठली आणि शिळेवर चढली.

"हौसाच्या डोक्याभोवती वज्र होतं," ती म्हणाली. "मला ते दिसलं नाही. ती सांगते, आणि ती खोटं बोलत नाही."

त्या दिवशी काठीचा निवाडा झाला नाही. म्हातारा एवढंच म्हणाला, "काठी हौसाकडे राहील. तिचा पाय बरा होईपर्यंत. बरा झाला, की जिला द्यायची तिला ती देईल."

दुसऱ्या दिवशी झिमा हौसाच्या दारात गेली. "पाय कसा आहे?"

"दुखतोय."

तिसऱ्या दिवशी जखम मिटलेली दिसत होती. "पाय कसा आहे?" "अजून दुखतोय." चौथ्या दिवशी हौसा काठी टेकत विहिरीवर आली होती आणि बायकांशी खिदळत होती. घुंगरं वाजत होती. बाजार चार दिवसांवर आला होता. सात जण घाट उतरण्यासाठी खोळंबले होते. मावशी म्हणाली, "ढोंग करतेय ती! टाच बघ, डाग तरी उरलाय का?" झिमाने टाच पाहिली नाही. "ती म्हणते दुखतोय," ती म्हणाली, आणि हौसाची घागर उचलून तिच्या घरी पोचवून आली.

सातव्या दिवशी पहाटे झिमाच्या दाराशी घुंगरं वाजली. हौसा दोन्ही पायांवर सरळ उभी होती.

"आता नाही दुखत," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरं म्हणजे काल रात्रीच थांबलं. पण घुंगरांचा आवाज छान वाटत होता गं." आणि तिने काठी झिमाच्या हातात दिली.

बाजाराच्या सकाळी गावावर दाट धुकं उतरलं. सात माणसं झिमाच्या मागे निघाली. त्यांत चावडीवरचे दोघे होते. म्हातारा आपल्या अंगणात घोंगडी पांघरून बसला. त्याला डोंगर दिसत नव्हता, वाट दिसत नव्हती, आपलं कुंपणही नीट दिसत नव्हतं. घुंगरं मात्र स्पष्ट ऐकू येत होती. ती ओढ्यापर्यंत गेली. ओढा ओलांडून पहिल्या वळणाशी पोचली.

तिथे ती थांबली.

म्हातारा कान देऊन ऐकत राहिला. धुक्यात बराच वेळ काहीच आवाज नव्हता. सात जणांना एकेक करून विचारायला लागतो, तेवढा वेळ. मग घुंगरं पुन्हा वाजली, आणि आधीपेक्षा थोडी सावकाश वर चढू लागली.

म्हाताऱ्याने घोंगडी खांद्यावर ओढून घेतली आणि डोळे मिटले.